कुलूप लावलं होतं का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंबिवलीहून सकाळची लोकल आणि चक्क खिडकीची जागा. मुंब्रा मागे पडलं, खाडी दिसायला लागली आणि पोटात गोळा आला: दाराला कुलूप लावलं का आपण?

डोळे मिटून आठवायला लागलो. छत्री घेतल्याचं आठवत होतं, डबा पिशवीत टाकल्याचं आठवत होतं, जिन्यात पाय घसरता घसरता वाचलो ते तर चांगलंच आठवत होतं. कुलपाच्या जागी मात्र काहीच नाही. ठाण्याला उतरलो, उलटी गाडी पकडली, रिक्षाला पैसे मोजले आणि धापा टाकत तीन मजले चढलो. कुलूप जागच्या जागी लटकत होतं. समोरच्या काकू दारात मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, सकाळी तीनदा ओढून बघत होतात की! मी म्हटलंसुद्धा, आता तुटेल ते."

म्हणजे कुलूप मी लावलं, ओढून पाहिलं, काकूंनी ते बघितलं. तिथे हजर नव्हतो तो फक्त मी.

याला आपण विसराळूपणा म्हणतो, पण विसराळू माणूस काम करायचं विसरतो. इथे काम झालं होतं, ते झाल्याची नोंदच कुठे नव्हती. आणि काम ज्याने केलं ती माझी सवयच होती. घराबाहेर पडताना कुलूप लावण्याची, ओढून बघण्याची चांगली सवय. आईने लहानपणी लावलेली. हल्ली 'चांगल्या सवयी लावा' आणि 'सजगपणे जगा' हे दोन उपदेश एकाच दमात केले जातात. नीट पाहिलं तर त्यांचं एकमेकांशी पटत नाही. सवय म्हणजे लक्ष न देता होणारं काम. मराठीने तर हे शब्दातच धरून ठेवलं आहे: गोष्ट 'अंगवळणी' पडते, वळण अंगाला लागतं, मनाला तिथे काम उरत नाही. मग 'सजग सवय' हा वदतोव्याघात झाला की नाही?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' हा ग्रंथ लिहिला. त्यातलं सवयीवरचं प्रकरण आजही वाचावं असं आहे. रोजची जितकी कामं सवयीच्या हवाली करू तितकं डोकं मोठ्या कामांना मोकळं राहील, असं त्यांचं म्हणणं. त्याच प्रकरणात ते काही अतिविसरभोळ्या लोकांचा किस्साही सांगतात. संध्याकाळच्या जेवणासाठी कपडे बदलायला ही मंडळी शयनगृहात गेली, एकेक कपडा उतरवत गेली आणि शेवटी सरळ अंथरुणात शिरली. या खोलीत कपडे उतरवले की पुढे झोपायचं असतं, एवढंच शरीराला माहीत होतं.

हे नेमकं कसं घडतं याचा माग अमेरिकेतल्या एमआयटीच्या ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर काढला. इंग्रजी टी अक्षरासारखा बोळ आणि त्याच्या एका टोकाला चॉकलेट. सुरुवातीला उंदीर हुंगत, चाचपडत जातो, तेव्हा मेंदूच्या खोलवर असलेल्या 'बेसल गँग्लिया' या भागातल्या पेशी सगळ्या वाटभर चाळवलेल्या असतात. वाट अंगवळणी पडली की त्याच पेशी फक्त दोनदा गजबजतात, निघताना आणि पोहोचल्यावर. मधलं सगळं जणू एका कंसात बंद होतं. कंस उघडला की बंद होईपर्यंत कुणी विचारायला जात नाही. चपला घालणं, दिवे मालवणं, दार ओढणं, कुलूप आणि जिना हा माझा सकाळचा कंस आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांना अशा वेंधळेपणात फार रस होता. १९७९ साली त्यांनी आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३५ स्वयंसेवकांना त्यांनी दोन आठवडे वही जवळ ठेवायला सांगितलं होतं: जे करायचं होतं त्याऐवजी भलतंच केलं की लगेच लिहायचं. चारशेहून अधिक नोंदी जमल्या. त्यातला सगळ्यात मोठा गट, सुमारे ४० टक्के, माझ्या कुलपाच्या जातीचा होता. आपण काय केलं किंवा काय करायला निघालो होतो याचाच पत्ता नाही. चहा आत्ताच केलाय हे लक्षात न राहून त्याच किटलीत पुन्हा उकळतं पाणी ओतायला निघालेला इसम त्यातलाच. रीझन यांचा निष्कर्ष नवशिक्यांना दिलासा देणारा आहे: या चुका ओळखीच्या जागी, हातखंडा कामातच होतात. नवी सून चहात दोनदा साखर घालत नाही. तीस वर्षं चहा करणारी सासू घालते.

आता थोडं मागे, पाली भाषेकडे. आज जगभर 'माइंडफुलनेस' म्हणून जे शिकवलं जातं त्याचा मूळ शब्द 'सति'. रिस डेव्हिड्स या पाली पंडिताने १८८१ च्या सुमारास बौद्ध सुत्तांच्या भाषांतरात त्यासाठी हा इंग्रजी शब्द वापरला आणि तो रुळला. आपण इंग्रजीचं पुन्हा मराठी करून 'सजगता' म्हणायला लागलो. या फेऱ्यात एक मोलाची गोष्ट सांडली. सति म्हणजे संस्कृत 'स्मृति', म्हणजे आठवण! लक्ष असणं आणि लक्षात असणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्या शब्दाला ठाऊक होतं. मराठी 'लक्ष' आणि 'लक्षात' यांनाही ते ठाऊक आहे, आपणच कधी कान देत नाही. सतिपट्ठान सुत्तात भिक्खूला सांगितलेली कामं बघितली तर गंमत वाटते. पुढे चालणं, मागे फिरणं, हात आखडणं, पसरणं, चीवर अंगावर घेणं, पात्र उचलणं, खाणं, चावणं, अगदी शौचाला जाणंसुद्धा. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस मौनात बसून येणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ते शिबिरही माणसाला घरीच परत पाठवतं, आणि घरी पुन्हा गॅस, गिझर, कुलूप वाट बघत असतात.

मग उपाय काय? पहिला सुचतो तो म्हणजे पुन्हा बघणं. दोनदा, तीनदा ओढून बघणं. मीही तेच करत होतो. हा उपाय उलटा पडतो हे नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हौट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली दाखवलं, तेही गॅसच्या शेगडीवर. शेगडी संगणकाच्या पडद्यावरची होती. काही जणांनी तिचे बर्नर चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तपासले, काहींनी तेवढ्याच वेळा दुसरंच काहीतरी, दिव्याचे बल्ब, तपासले. शेवटी दोघांनाही शेगडीच्या शेवटच्या तपासणीबद्दल विचारलं. उत्तरं दोघांची सारखीच बरोबर होती. पण ज्यांनी शेगडी पुन्हा पुन्हा तपासली होती त्यांची आठवण धूसर झाली होती आणि तिच्यावरचा विश्वास उडाला होता. कारण सरळ आहे: दहा वेळा पाहिलेली गोष्ट आणखी अंगवळणी पडते, आणि दहा सारख्या आठवणी एकमेकींत मिसळून एकही उरत नाही. (कुणी दिवसातून वीस-वीस वेळा कड्या-कुलपं तपासत असेल, त्यापायी घराबाहेर पडणंच मुश्किल होत असेल, तर तो वेंधळेपणा नव्हे. आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात. तो आजार आहे, त्याला औषध आहे आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. हा लेख त्या कामाचा नाही.)

एकदाच बघायचं, पण त्या वेळी हजर राहायचं. ते कसं, हे मला जपानी रेल्वेकडून कळलं.

जपानमध्ये आगगाडीच्या पुढच्या डब्यातून काचेपलीकडे ड्रायव्हर दिसतो. पांढरे हातमोजे, ताठ बैठक. सिग्नल दिसला की हा गृहस्थ हात सरळ लांब करतो, त्याच्याकडे बोट रोखतो आणि एकटाच असूनही मोठ्याने त्याचा रंग उच्चारतो. वेळापत्रकावर बोट, वेगाच्या काट्यावर बोट. गार्ड फलाटावर उतरतो, गाडीच्या पूर्ण लांबीवरून बोट फिरवतो आणि सगळं मोकळं असल्याचं जाहीर करतो. परक्या माणसाला हे नाटक वाटतं. तिकडे याला 'शिसा कान्को' म्हणतात: बोट दाखवणं आणि पुकारणं. विसाव्या शतकाच्या आरंभी, वाफेच्या इंजिनांच्या काळात ही पद्धत तिथल्या रेल्वेत सुरू झाली आणि पुढे कारखाने, बांधकामं, दवाखाने असं करत पसरली.

१९९४ साली जपानच्या रेल्वे तंत्रसंशोधन संस्थेने तिची परीक्षा घेतली. सोपं, कंटाळवाणं काम, चार पद्धतींनी. नुसतं काम केलं तेव्हा दर शंभरात २.३८ चुका. तोंडाने पुकारलं तर १.०. नुसतं बोट दाखवलं तर ०.७५. दोन्ही केलं तर ०.३८. चुका जवळजवळ सहापट कमी, आणि खर्च काय, तर एक बोट आणि दोन शब्द.

यात जादू नाही. डोळे सिग्नलवर, हात सिग्नलकडे, तोंडात सिग्नलचं नाव आणि तेच नाव कानावर. चार वाटा एकाच ठिकाणी आल्यावर मनाला पळायला पाचवी सापडत नाही. शिवाय हात बोट दाखवण्यात गुंतलेला असताना तो बटण दाबू शकत नाही, म्हणजे घाई करणारा हातच क्षणभर अडकवून ठेवला. ग्रेबिएलबाईंच्या भाषेत बोलायचं तर बंद कंसाच्या मधोमध एक खुंटी ठोकली, तिथे ठेच लागल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना पुकारून सांगतात, नियमच आहे तसा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९९६ साली यातला अर्धा भाग उचलला, फक्त बोट. तिथे फलाटाच्या मध्यावर वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी टांगलेली असते. गाडी बरोबर जागी थांबली की ती गार्डच्या खिडकीसमोर येते. तिच्याकडे बोट दाखवल्याशिवाय त्याने दारं उघडायची नाहीत. पुकारायचं मात्र त्यांनी वगळलं. न्यूयॉर्कवाले लाजले असतील का? मी त्यांना दोष देणार नाही. आपल्याच स्वयंपाकघरात 'गॅस बंद' असं मोठ्याने म्हणताना मलाही पहिले चार दिवस चोरट्यासारखं वाटत होतं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक होईल. खुंटीही झिजते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेआधी मोठ्याने वाचायची एक यादी आणली: रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कुठली, कुठल्या बाजूची. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे आकडे २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ती सक्तीची झाली. २०१४ साली तिथल्या १०१ रुग्णालयांचा हिशेब आला, तर लक्षात घ्यावा असा फरकच नव्हता! का, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. माझ्यासारख्या बाहेरच्याला तरी एक शक्यता पटते: यादी वाचणं आणि यादीवर टिचक्या मारणं यांत मोठं अंतर आहे, आणि वरून आलेल्या सक्तीला टिचक्याच आवडतात.

असं खुंटी ठोकणं आपल्याला नवीन नाही. उठल्याबरोबर तळहात बघणं, जमिनीला पाय टेकवण्याआधी तिची क्षमा मागणं, जेवायला बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणं या सगळ्या खुंट्याच होत्या. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी कारागिरी दिसते: रोजचं काम, त्याच्या अगदी तोंडाशी एक छोटी कृती, त्यात हात आणि वाचा दोन्ही गुंतलेले. माझे आजोबा कितीही घाईत असले तरी चार शितं ताटाच्या उजवीकडे ठेवेपर्यंत थांबत, आणि तेवढ्यात पानात काय वाढलंय ते त्यांना दिसे. त्याच घरात आम्ही नातवंडं मात्र जेवणाआधीचा श्लोक असा सुसाट म्हणायचो की शेवटची ओळ संपायच्या आत पहिला घास तोंडात असायचा. खुंटी तीच, आजोबांना ठेच लागायची, आम्ही उडी मारून जायचो.

मला यांपेक्षा जास्त आवडते ती खळ्यावरची मोजणी. पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन, मोठ्याने, प्रत्येक माप रिकामं होताना. हात एकसारखे चालतात, डोळ्यांपुढे धान्याची एकसारखी रास आणि धुरळा असतो. तिथे आकडा तोंडात आणि चारचौघांच्या कानांत ठेवला नाही तर तो हरवणारच. त्यातही पहिलाच शब्द वेगळा, म्हणजे मोजणी सुरू झाली की नाही याचा घोळ नको. जपानी इंजिन ड्रायव्हरला हे बघून आनंद झाला असता.

वेगळेपण ही यातली किल्ली. मी कुलूप लावताना 'कुलूप लागलं' एवढंच म्हणत होतो, तेव्हा दहा-बारा दिवसांत तेही पोपटपंची झालं. गाडीत बसल्यावर 'म्हटलं' हे आठवायचं, पण आज की काल? मग त्या दिवसाचं काहीतरी त्यात घालायला लागलो: 'कुलूप लागलं, मंगळवार, जिन्यात मांजर.' मांजर रोज नसतं. त्यामुळे मंगळवारचं कुलूप बुधवारच्या कुलपात मिसळत नाही. रक्तदाबाच्या गोळीचंही तेच. रोज तीच वेळ, तीच गोळी, तोच घोट, म्हणून 'सकाळची घेतली का?' हा प्रश्न साठीनंतरच्या प्रत्येक घरात रोज विचारला जातो. विसरून दुसऱ्यांदा घेणं हे न घेण्याइतकंच वाईट ठरू शकतं. इथे स्मरणशक्तीची परीक्षा घेत बसण्यात शहाणपण नाही; वारांचे सात कप्पे असलेली डबी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते, रिकामा कप्पा खोटं बोलत नाही.

आता हे वळण लागायला किती दिवस? एकवीस, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. नव्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लोकांनी 'निदान' हा शब्द गाळला आणि नाकाचा नियम सगळ्या सवयींना लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे लक्ष ठेवलं. कुणी जेवताना ग्लासभर पाणी पिणं ठरवलं होतं, कुणी संध्याकाळी धावणं. त्या नोंदींवरून बांधलेल्या अंदाजात वागणं आपसूक व्हायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला. मधला आकडा ६६. पाण्याचा ग्लास लवकर रुळला, व्यायाम रेंगाळला. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही हेही त्यात दिसलं. नव्या वर्षाचा संकल्प तीन जानेवारीला मोडला म्हणून तो टाकून देणाऱ्यांनी हे वाक्य आरशावर चिकटवावं.

आणि 'उद्यापासून लक्ष देईन' याचा काही उपयोग नाही. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांच्या तीन गटांवर एक प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा तरी घाम गाळून व्यायाम करायचा होता. पहिल्या गटाला काहीच सांगितलं नाही. ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्याला हृदयविकाराची माहिती देऊन प्रेरणा दिली, ३५ टक्के. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहून घेतलं, ९१ टक्के! प्रेरणादायी भाषणांचे कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थांनी ३५ या आकड्याकडे जरा वेळ बघत बसावं. लक्षालाही असाच पत्ता द्यावा लागतो: चप्पल घालण्याआधी, गॅसच्या रेग्युलेटरकडे बोट दाखवून. दिवसभर सजग राहायचं असं मी कधीच ठरवलं नाही, आणि ठरवणाऱ्यांपैकी कुणी दिवसभर टिकल्याचं पाहिलेलं नाही. दिवसात तीन जागा पुरतात.

माझ्या तीन म्हणजे कुलूप, गॅस आणि गाडीतून उतरताना सीटकडे वळून टाकलेली एक नजर. तिसरीने आतापर्यंत दोन छत्र्या आणि एक चष्मा वाचवला आहे. घरचे आधी हसले. नंतर बायकोच्या तोंडून एका रात्री 'गॅस बंद, आज पिठलं' असं ऐकू आलं. मी काही बोललो नाही. समोरच्या काकूंना सकाळची घोषणा इतकी सरावाची झाली आहे की त्या आतूनच 'ऐकलं हो' म्हणतात. गेल्या दहा महिन्यांत ठाण्याहून एकदाही परतावं लागलेलं नाही. डबा मात्र दोनदा ओट्यावर राहिला. त्याच्याकडे बोट दाखवायचं अजून ठरवलेलं नाही.